एकतीस की बत्तीस

माझ्या सासऱ्यांना वर्तमानपत्रांचा क्रम चुकलेला सहन होत नाही. त्यांना इतरही बरंच काही सहन होत नाही, पण बाकीच्या गोष्टींनी माझ्या पीएच.डी.ला धोका नव्हता. कुणी मला आधी सांगितलं असतं की तीन वर्षांची मेहनत तारखा मागेपुढे झाल्यामुळे गोत्यात येईल, तर मी हसले असते.

नाना चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्तीला अठरा वर्षं झाली, पण सकाळचं वर्तमानपत्र ते अजूनही वाचत नाहीत, तपासतात. पहिल्या पानापासून 'हरवले आहेत'च्या चौकटीपर्यंत, एक ओळ सोडत नाहीत. मग घडी घालून तारखेप्रमाणे गठ्ठ्यात लावतात. त्या गठ्ठ्याला रद्दी म्हटलेलं त्यांना चालत नाही. नवऱ्याने एकदा म्हटलं होतं, तेव्हा नाना दोन दिवस त्याच्याशी फक्त हो आणि नाही एवढंच बोलत होते.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एकेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करते आहे. विषय आहे गावाबाहेरच्या टेकडीवरच्या लहान वनस्पती. म्हणजे लोक ज्यांच्यावर पाय देऊन फिरायला जातात आणि वर 'टेकडीवर आता काही उरलं नाही' असं म्हणत परत येतात, त्या. नवरा ह्याला माझं गवत म्हणतो. त्यात गवताच्या फक्त चार जाती आहेत हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगायचं सोडून दिलंय.

आमच्या कामात बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते. रोप मुळासकट काढायचं, मुळं धुवायची, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायचं. अशा घड्या एकावर एक रचून दोन लाकडी जाळ्यांमध्ये घालायच्या आणि पट्ट्यांनी आवळायच्या. ह्याला आम्ही प्रेस म्हणतो. कागद ओल ओढून घेतात, म्हणून ते रोज बदलायचे. एक दिवस आळस केला की बुरशी आलीच. प्रत्येक रोपाला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे फील्ड बुकात लिहिलेलं असतं की ते कधी मिळालं, कुठे मिळालं, फुलाचा रंग काय होता. क्रमांक गेला की रोपाचा पाला होतो.

म्हणून नियम असा, की क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने रोपालाच बांधायची. कागद बदलतात, चिठ्ठी बदलत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे इतकं घोकून घेते की ती माझी नक्कल करतात ती ह्याच वाक्याची.

टेकडीवरच्या एका फेरीत मी त्रेचाळीस रोपं आणली आणि एकालाही चिठ्ठी बांधली नाही. दोरा पिशवीच्या तळाशी होता, वारा सुटला होता, हात चिखलाने भरले होते. मी शिसपेन्सिलीने क्रमांक कागदाच्या कडेला लिहिले. घरी गेल्यावर बांधू म्हटलं. घरी गेल्यावर मुलांचे चाचणीचे पेपर दुसऱ्या दिवसापर्यंत तपासायचे होते. मग रोज कागद बदलताना जुन्या कागदावरचा आकडा नव्या कागदावर उतरवायचा, असं सुरू झालं. दहा दिवस बिनबोभाट चाललं, त्यामुळे मला वाटायला लागलं की चिठ्ठ्यांचं एवढं स्तोम उगाचच माजवलंय.

अकराव्या दिवशी परीक्षेचं पर्यवेक्षण होतं. घरी यायला साडेपाच वाजले. जेवणाच्या खोलीत खिडकीखाली प्रेस ठेवलेला असतो. त्याचे पट्टे फारच नेटके बांधलेले होते. मी कधीच तसे बांधत नाही.

"आज तुला उशीर होणार होता ना," नाना खुर्चीतून म्हणाले. चेहरा प्रसन्न होता. "म्हटलं कागद आपणच बदलावेत. रोज बघतोच की मी."

"बदललेत?"

"सगळे. एक पान फाटू दिलं नाही. पण काय गं, तारखांचा किती घोळ घातलायस! सोळानंतर नऊ, नऊनंतर एकवीस. मधली पुरवणी तर तिसऱ्याच दिवशीची. जुने सगळे नीट लावून ठेवलेत बघ."

टेबलावर जुन्या कागदांचा गठ्ठा होता. तारखेप्रमाणे. कडा अशा जुळवलेल्या की पट्टी लावून पाहावं. प्रत्येक कागदाच्या कडेला माझ्या अक्षरातला आकडा होता आणि रोपं सगळी नव्या, कोऱ्या कडांच्या कागदांमध्ये गेली होती.

"नाना, हे आकडे..."

"शिसपेन्सिलीचे? हो, पाहिले मी. पुसणार होतो, पण रबर सापडलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खे वडील असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. सासऱ्यांवर ओरडता येत नाही, आणि तेही ज्यांनी वीस वर्षांत माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही अशा सासऱ्यांवर. मी प्रेस उघडला. पहिल्या घडीत पिवळं फूल होतं, दुसरीत काटेरी देठ, तिसरीत काहीतरी नाजूक आणि वाळकं. ह्यातलं कुठलं किती नंबरचं हे आता देवालाच ठाऊक.

"नाना," मी शक्य तितक्या हळू म्हणाले, "ह्याला पुन्हा हात लावू नका."

आमच्या घरात हे वाक्य फार मोठं होतं. नाना उठून आत गेले. चहा झाला तरी बाहेर आले नाहीत. नवरा आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग परत तोडून आण ना, गवतच तर आहे." त्याच्याशी मी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आपणहून टेबलाशी येऊन बसले. हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. म्हणाले, "मी हात लावत नाही. तू एकेक उघडून दाखव."

मी पिवळं फूल दाखवलं.

"हे नळाच्या पाण्याच्या बातमीवर होतं. फूल बरोबर तिसऱ्या रकान्यात. तिथे एक ओळ दोनदा छापली गेली होती, म्हणून लक्षात आहे."

मी गठ्ठ्यातून नळाच्या पाण्याचं पान काढलं. कडेला एकोणीस. फील्ड बुकात एकोणीससमोर: फूल पिवळं, पायवाटेकडेला. आणि पानावर, तिसऱ्या रकान्यात, ओलीचा फुलाएवढाच डाग.

ते डाग मला आदल्या संध्याकाळीच सुचायला हवे होते. ओलं रोप कागदावर आपली खूण सोडतंच. पण संतापलेल्या माणसाला काही सुचत नाही. पुढचे पाच दिवस आम्ही दोघं रोज कॉलेजच्या आधी आणि नंतर तेच करत होतो. मी रोप उघडायचे, नाना बातमी सांगायचे, मी डाग आणि फील्ड बुक ताडून पाहायचे. शाळांच्या सुट्ट्या, वाहतुकीचे बदल, कुणा वकिलाचं निधन, पाककृती. ज्या माणसाला सकाळी गोळी घेतली की नाही हे तीनदा विचारावं लागतं, त्याला हे सगळं पाठ होतं. चुकले असतील असं वाटून मी मुद्दाम दोनदा उलटतपासणीही घेतली. चुकले नव्हते. मला कौतुक वाटलं आणि कौतुक वाटल्याचा रागही आला, कारण मला अजून रागावायचं होतं.

एकेचाळीस रोपं जुळली, आणि प्रत्येक जुळलेल्या रोपाला मी तिथल्या तिथे चिठ्ठी बांधली. राहिली दोन.

एकतीस आणि बत्तीस. दोन्ही बोटाएवढी, बारीक पानांची, शेंड्याला मोहरीएवढ्या बोंडांची. एकतीस पाण्याच्या टाकीमागच्या कोरड्या उतारावर मिळालं होतं, बत्तीस दगडाच्या खाणीतल्या तळ्याकाठी. गोळा करताना मी दोन्हीला एकच वनस्पती समजले होते. फोटोतही ती एकसारखीच होती. मुळांना चिकटलेल्या मातीवरून कळलं असतं, पण मुळं मी चकचकीत धुतली होती. अशी इवलीशी रोपं कागदावर ओळखता येईल असा डागही सोडत नाहीत. क्रमांक लिहिलेली दोन पानं मात्र समोर होती: एकतीसच्या पानावर नव्या पुलाची बातमी, बत्तीसच्या पानावर बुद्धिबळ स्पर्धेचा निकाल.

"ही दोन मला नाही आठवत," नाना म्हणाले. "एकामागोमाग उचलली. मग दाराची बेल वाजली, तेवढ्यात खाली ठेवली. नाही सांगता येत."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "एकाच जातीची आहेत, कुठलंही कुठेही चालेल."

ह्या वाक्यासाठी माझ्याच वर्गातल्या मुलाला मी बाहेर काढलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी सगळी रोपं गाईड मॅडमकडे नेली. मॅडम निवृत्तीला आल्या आहेत, पंचवीस वर्षं विद्यापीठाचं हर्बेरियम सांभाळतात. हर्बेरियम म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची लांबलचक खोली, लोखंडी कपाटं आणि कपाटांत हजारो वाळलेली रोपं, प्रत्येक जाड कागदावर चिकटवलेलं, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. एक उतारावरचं आणि एक तळ्याकाठचं, एवढंच सांगून मी शेवटची दोन रोपं दिली. मॅडमनी बोंडं फोडली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दोन्हीच्या बिया आळीपाळीने पाहिल्या.

"ही एक नाही," त्या म्हणाल्या. "बघ."

मी पाहिलं. एकाचं बी गुळगुळीत होतं. दुसऱ्याच्या बियांवर बारीक लव होती.

"तळ्याकाठी ह्या दोन्ही जाती होत्या, जुनी नोंदच आहे. पण हे केसाळ बी कोरड्या उतारावर कुणाला मिळालेलं नाही. कधीच. हे जर उतारावरचं असेल ना, तर प्रबंध राहू दे बाजूला, ह्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहायचा आपण." त्यांनी चष्मा काढला. तीन वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. "किती नंबर?"

"फील्ड बुक घरी आहे," मी म्हणाले.

ते माझ्या पिशवीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीमागच्या उतारावर गेले. उतारच नव्हता. महिन्याभरात तो सपाट करून खडी पसरली होती आणि एक यंत्र गुरगुरत मागेपुढे होत होतं. मी यंत्रचालकाला हात करून थांबवलं आणि विचारलं की इथली माती कुठे टाकली.

"कशाला हवी?"

"त्यात रोपं होती."

"रोपं?" तो खरोखरच विचारात पडला. "नाही हो मॅडम. इथे काहीच नव्हतं."

मी घरी आले ती चडफडत. नाना वर्तमानपत्र तपासत होते. मी मॅडमकडून परत आणलेलं केसाळ बियांचं रोप त्यांच्यासमोर ठेवलं आणि शेजारी दोन्ही जुनी पानं.

"नाना, नीट बघा. ह्याचं मूळ जरा वाकडं आहे. हे पुलाच्या पानावर होतं ना?"

"मी सांगितलं ना तुला, हे मला..."

"घाई करू नका. आठवून बघा. पूल. वाकडं मूळ. बाकीची एकेचाळीस आठवतात, मग हेच कसं नाही आठवत?"

"बेल वाजली होती गं."

"बेलीच्या आधी काय उचललं होतं? पूल की बुद्धिबळ?"

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी म्हणाले, उतार आता राहिलेला नाही. मला परत तिथे जाता येणार नाही. तुम्ही कागद बदलले नसते तर हे विचारायची वेळच आली नसती. हे शेवटचं वाक्य मी फार दिवस दाताखाली धरून ठेवलं होतं. बोलल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही.

नानांनी रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला पुलावरचं हवंय का?"

"मला खरं काय ते हवंय."

"पुलावरचंच," नाना म्हणाले. "हो. पुलावरच होतं."

त्यांना कुठला रकाना ते मी विचारलं नाही. बाकी प्रत्येक रोपाच्या वेळी विचारलं होतं.

मी चिठ्ठी बांधली. एकतीस. दोऱ्याला दोन गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला, त्यांनी आनंदाने अक्षरशः टाळी वाजवली. आठवड्याच्या शेवटी रोप जाड कागदावर चढलं, लेबल टाईप झालं: टाकीमागचा कोरडा उतार. निबंधाचा पहिला परिच्छेदही मॅडमनी लिहून काढला. मी तो वाचून दाखवला तेव्हा नवरा पहिल्यांदाच गवत म्हणाला नाही. नाना जेवणाच्या ताटावरून उठले. भूक नाही म्हणाले.

शनिवारी दुपारी मी आणि मॅडम हर्बेरियममध्ये निबंधाला लावायच्या चित्रावर काम करत होतो. दारात कुणीतरी धापा टाकत उभं असल्याचा आवाज आला. नाना होते. लिफ्ट सहा महिन्यांपासून बंद आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस तीन जिने चढून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी धावले. "नाना! फोन नाही करायचा? काय झालं?"

"काही झालं नाही. बसू दे जरा." मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते प्यायले, रुमालाने ओठ टिपले आणि माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "मी हिचा सासरा. त्या रोपाबद्दल बोलायचं होतं. केसाळ बियांच्या. ते कुठल्या पानावर होतं ते मला माहीत नाही. मी माहीत आहे असं सांगितलं."

मॅडमना ह्यातलं ओ की ठो कळलं नाही, कारण कागद बदलले गेले होते हेच मी त्यांना सांगितलं नव्हतं. नानांनी सगळं सांगितलं. बेलीपासून.

"आमच्याकडे रीत होती," ते म्हणाले. "हस्तलिखितात एखादा शब्द लागेना, तर अंदाजाने घालायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाकडे परत पाठवायचं. चाळीस वर्षांत मी कुणाच्या मजकुरात माझा शब्द घुसवला नाही. आणि परवा हे असं केलं. मला जेवण जात नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यासमोर तो कागद होता, लेबलासकट.

मी काय विचार केला ते सांगते. मला एक वाक्य सुचलं आणि ते अगदी तयार होतं. मॅडम, ह्यांचं वय झालंय, हल्ली ह्यांच्या लक्षात राहत नाही, तेव्हा सांगितलं ते बरोबर होतं, आता गोंधळ होतोय त्यांचा. मॅडमनी विश्वास ठेवला असता. समोर धाप लागलेला म्हातारा माणूस होता, दुसरा कसला पुरावा लागणार? उतार गेला होता. कुणीही, कधीही ते तपासू शकणार नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, "नानांचं हल्ली जरा..."

आणि थांबले. पण नानांना तेवढं पुरलं. त्यांनी मान खाली घातली आणि दोनदा हलवली.

"हो," ते म्हणाले. "विसरतो मी हल्ली. ही म्हणते ते बरोबर असेल."

खोटं बोलल्याचं सांगायला तीन जिने चढून आलेला माणूस माझ्यासाठी तिथेच दुसऱ्यांदा खोटं बोलला. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की मी जवळजवळ ओरडले.

"काही विसरत नाहीत हे! एकेचाळीस रोपं ह्यांनी रकान्यासकट सांगितली, एक चुकलं नाही. ह्या दोन रोपांचं मला नाही आठवत, असंच हे म्हणत होते. मी बसून वदवून घेतलं ह्यांच्याकडून. चिठ्ठी मी बांधली नव्हती. टेकडीवर नाही, घरी नाही, दहा दिवसांत नाही. ह्यांनी फक्त कागद बदलले, मॅडम. नंबर मी बदलला."

मॅडमनी पातळ सुरी घेतली, लेबलाची एक कड उचलली आणि हळूहळू, कागद न दुखवता, लेबल सोलून काढलं. नवीन लेबलावर हाताने लिहिलं: क्रमांक एकतीस किंवा बत्तीस. स्थळ अनिश्चित. निबंधाचा पहिला परिच्छेद त्यांनी दुमडून खणात टाकला. मग म्हणाल्या, "सोमवारी ये. बाकीच्या एकेचाळीसबद्दल मला पहिल्यापासून सगळं ऐकायचंय." आवाज थंड होता. मी त्यांच्या जागी असते तर माझाही झाला असता.

जिने उतरताना नानांनी माझा हात धरला नाही, कठडा धरला. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

मला नाही म्हणायचं होतं. तेच शोभलं असतं. पण त्या दिवशी पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"थोडी तुमच्यावरही," मी म्हणाले.

नानांनी मान डोलावली. पहिल्यांदाच जरा सैल होऊन ते मागे टेकून बसले आणि म्हणाले, भूक लागली आहे.